कोटा फरशी नव्हे, कोट्याचा खडक

'कोटा' म्हटलं की मराठी घरात दोन गोष्टी आठवतात. एक ओट्याखालची हिरवट-करडी फरशी आणि दुसरी बारावीच्या पोरांचे क्लास. दोन्ही राजस्थानातल्या. पण डायनासोरांच्या हाडांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाला विचाराल, मग तो कोलकात्याचा असो की अर्जेंटिनाचा, तर त्याच्या डोक्यात तिसराच कोटा येईल. गडचिरोली जिल्ह्यातला, सिरोंच्याच्या उत्तरेला प्राणहितेच्या काठावरचा. लहानसं गाव. त्याच्या नावाने ओळखला जाणारा खडक म्हणजे 'कोटा शैलसमूह'. पृथ्वीवरचे पहिले खरोखर अवाढव्य प्राणी कसे घडत गेले, हे सांगणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक, आणि ती महाराष्ट्रात सुरू होऊन नदीपलीकडे तेलंगणात जाते. फरशीच्या कोट्याशी तिचं नावापलीकडे काही नातं नाही. तो दगड विंध्य काळातला, डायनासोरांच्या कितीतरी आधीचा. त्यात हाड शोधायला जाऊ नये.

'शैलसमूह' हा शब्द जड वाटतो, पण कल्पना घरगुती आहे. एका भागात, एका कालखंडात, साधारण एकाच प्रकारच्या परिस्थितीत साचलेले आणि नकाशावर वेगळे दाखवता येतील असे थर म्हणजे एक शैलसमूह. जिथे तो नीट उघडा दिसतो, त्या गावाचं नाव त्याला देतात. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं तसंच हे. पुढे तो माणूस मुंबईत राहिला काय नि अमेरिकेत, आडनाव सातारकर ते सातारकरच. तसा हा खडक नदी ओलांडून कितीही लांब गेला तरी कोटाच. या खोऱ्यात असे बरेच 'आडनावबंधू' आहेत. खालून वर जायचं तर येर्रापल्ली, भीमाराम, मलेरी, धर्माराम आणि मग कोटा. सगळी तेलुगू पट्ट्यातली खेडी, सगळ्यांची नावं जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत.

आता हे थर इथेच का? महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसाल्टखाली झाकलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे लोटच्या लोट आले आणि त्याआधीचं जे काही होतं त्यावर झाकण बसलं. सह्याद्रीत कितीही हिंडा, डायनासोरांच्या सुरुवातीच्या काळाचा दगड पायाखाली येणार नाही. हे झाकण विदर्भात पूर्वेकडे जाता जाता संपतं. तिथून पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी यांच्या काठाने एक जुनी खचदरी आहे. जमिनीचा एक लांबलचक पट्टा दोन्ही बाजूंच्या भेगांमधून कोट्यवधी वर्षं हळूहळू खाली बसत गेला. खाली बसणारी जागा म्हणजे गाळाला आयतं भांडं. नद्या आल्या, वाळू टाकली, चिखल टाकला. भांडं भरतंय तोवर ते आणखी थोडं खचलं, पुन्हा गाळ आला. तळाशी दलदलीतल्या झाडांचा कोळसा झाला. चंद्रपूरची वीज आणि सिंगरेणीच्या खाणी त्याच्याच जोरावर चालतात. त्या कोळशाच्या बऱ्याच वर, पुढच्या कित्येक कोटी वर्षांनंतरचे थर म्हणजे आपला विषय.

आणखी एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. हे थर आडवे राहिले नाहीत, एका बाजूला कलले. वह्यांची चळत कलंडली की प्रत्येक वहीची कड दिसायला लागते, तसं झालं. त्यामुळे नैऋत्येकडून, तेलंगणाच्या बाजूने सिरोंच्याकडे निघालं की खड्डा न खणता माणूस जुन्याकडून नव्याकडे चालत येतो. काही दिवसांच्या पायपिटीत दहा-दहा कोटी वर्षं मागे पडतात.

वाटेत लागतो मलेरी, ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातला, बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचा. लाल चिकणमातीचा हा खडक आहे. पावसाने तो धुपतो आणि आतलं टणक काही असेल ते वर उघडं पडतं. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशांच्या दातांच्या तबकड्या, गोड्या पाण्यातले शिंपले, आणि भरपूर संख्येने प्राण्यांच्या विष्ठेचे दगड. नाक मुरडू नका, कोण काय खात होतं हे त्याच्याइतकं सरळ दुसरं कोणी सांगत नाही. या मातीतला खरा राजा डायनासोर नव्हताच. इथे चोचीसारखं तोंड असलेला, डुकराच्या अंगलटीचा हायपरोडॅपेडॉन चरत होता आणि पाण्यात मगरीसारखा दिसणारा, पण मगर नसलेला पॅरासुकस दबा धरून होता. पॅरासुकसचे दोन सांगाडे शेजारी शेजारी सापडले. दोघांच्याही पोटाच्या जागी दुसऱ्याच एका सरड्यासारख्या प्राण्याची हाडं होती. शेवटचं जेवण! त्या गिळलेल्या प्राण्याला मलेरीसॉरस हे नाव मिळालं. त्याची ओळख जगाला झाली ती दुसऱ्याच्या पोटातून. डायनासोर या गर्दीत होते, पण किरकोळ. अल्वाल्केरियासारखे, कुत्र्याएवढेही नसलेले.

पॅरासुकसच्या पूर्ण नावात 'हिस्लोपी' असं येतं. नागपूरच्या लोकांना हे नाव ओळखीचं, हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने आहे तोच हा स्टीफन हिस्लॉप. स्कॉटिश मिशनरी, नागपुरात शाळा चालवायचा आणि उरलेल्या वेळात दगड, शिंपले, हाडं गोळा करायचा. मलेरीचे जीवाश्म जगासमोर येण्यात त्याचा मोठा हात होता. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या ओढ्यात तो बुडाला. कोट्याचे मासे तर त्याच्याही आधी लंडनला पोचले होते. १८५१ मध्ये त्यांतल्या एकाचं वर्णन 'डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, अशा नावाने छापून आलं. 'डायनासोर' हा शब्द तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता.

हे मासे कसे दिसतात ते सांगायला हवं. कोट्याच्या शैलसमूहात मध्यावर चुनखडकाचे पातळ पातळ थर आहेत, उथळ तळ्यांच्या तळाशी साचलेले. चांगली पाटी निघाली तर त्यावर मासा आडवा निजलेला असतो. आपण बाजारात खवले काढून घेतो तसे त्याचे खवले पातळ नाहीत. जाड, चौकटीच्या आकाराचे, एकाला एक लागून बसवलेले, कौलं शाकारल्यासारखे. त्यांच्यावर इनॅमलसारखा लेप असायचा, तो आजही चमकतो. भोवतालचा दगड मातकट, आणि मध्येच हा काळसर तुळतुळीत तुकडा. लेपिडोटीस नावाच्या या जातीचे भाऊबंद युरोपातल्या ज्युरासिक, म्हणजे ट्रायासिकच्या लगेच नंतरच्या काळातल्या, खडकांत आधीपासून माहीत होते. त्यामुळे मासा पाहिला आणि लंडनच्या अभ्यासकांनी कोट्याचा काळ ओळखला, ज्युरासिकची सुरुवात.

इथे वाचक विचारतो, आणि विचारलंच पाहिजे, की नुसता मासा बघून काळ कसा कळतो? अडगळीच्या पेटीत बिनतारखेचं पत्र सापडलं तर आपण पाकिटावरचं पोस्टाचं तिकीट बघतो. ते तिकीट अमुक ते अमुक सालातच चालत होतं, म्हणजे पत्र त्याच सुमाराचं. जीवाश्मांचंही तसंच. ज्या जाती थोड्याच काळ जगल्या आणि दूरवर पसरल्या, त्या तिकिटाचं काम करतात. ज्वालामुखीच्या राखेचा थर मध्ये असता तर त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून थेट वय काढता आलं असतं. नाही तर मग तिकिटांवर भिस्त. आणि तिकिटांवरून वाद होतात. मासे, डायनासोर ज्युरासिकच्या पूर्वार्धाकडे बोट दाखवतात, म्हणजे साधारण अठरा-एकोणीस कोटी वर्षं. वरच्या थरांतल्या सूक्ष्म कवचांवरून काही अभ्यासक तो खडक त्याहून तरुण, मध्य ज्युरासिकपर्यंत येणारा मानतात. मला विचाराल तर हा वाद किरकोळ नाही. कोट्यातले प्राणी त्यांच्या घराण्यात आरंभीचे की मागे राहून गेलेले, हे त्यावर ठरतं.

मलेरी आणि कोटा यांच्या मधल्या काळात जगात उलथापालथ झाली. २०.१ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक संपताना, ज्वालामुखींचा मोठा उद्रेक झाला, हवेत कर्बवायू वाढला आणि मगरींच्या जुन्या चुलतभावांपैकी बहुतेक घराणी बुडाली. पॅरासुकसची जमातही त्यातच गेली. हायपरोडॅपेडॉनचं कुळ तर त्याच्या आधीच संपलं होतं. रिकाम्या झालेल्या जागेत डायनासोर शिरले. मलेरीच्या वरच्या भागात आणि धर्मारामच्या थरांत लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचे पूर्वज दिसू लागतातच. त्यांतल्या एकाचं नाव लॅम्प्लूसॉरा. ते एका बाईच्या नावावरून आहे आणि कोट्याची पुढची गोष्ट तिच्याशिवाय सांगता येत नाही.

प्रशांतचंद्र महालनोबिस संख्याशास्त्रज्ञ होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार. आता संख्याशास्त्राच्या संस्थेला डायनासोर कशाला हवेत? महालनोबिसांचं म्हणणं असं की जिथे मोजमाप आहे तिथे संख्याशास्त्र आहे, मग ती माणसाची कवटी असो की दगडातलं हाड. १९५७ च्या सुमारास त्यांनी लंडनहून पामेला लॅम्प्लू रॉबिन्सन यांना बोलावलं आणि संस्थेत भूशास्त्राचा विभाग सुरू झाला. रॉबिन्सनबाईंनी तरुण पोरांची टोळी घेऊन गोदावरीचं खोरं गाठलं. सोहनलाल जैन, तपन रॉयचौधुरी, कुट्टी, पुढे शंकर चटर्जी. हाडं शोधण्याआधी नकाशा, हा त्यांचा शिरस्ता. कुठला थर कुठून कुठे जातो हे चालून बघायचं, मग वाकायचं. बरोबरच आहे ते. कुठल्या थरातलं हे ठाऊक नसेल तर हाड म्हणजे नुसता वजनदार दगड.

त्या काळी जिल्ह्याचं नाव चांदा होतं, गडचिरोली जिल्हा व्हायला अजून वीस वर्षं होती. सिरोंच्याकडे पोचमपल्लीजवळ (ही साड्यांची पोचमपल्ली नव्हे, नावांनी या लेखात छळायचंच ठरवलंय) कोट्याच्या खालच्या थरांत, चुनखडकाच्या खाली, त्यांना मोठाली हाडं दिसली. १९६१ च्या मोसमात मोठं खोदकाम झालं. जवळपास ३०० हाडं निघाली, किमान सहा प्राण्यांची.

'किमान सहा' हा आकडा कसा येतो ते मला फार आवडतं. लग्नघराच्या दारात चपलांचा ढीग पडलाय. सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या, काही जोडातली एकच शिल्लक. आत किती माणसं? सगळ्या चपला भागिले दोन, असं नाही करायचं, काही हरवल्या असतील. फक्त डाव्या पायाच्या मोजायच्या. डाव्या सहा निघाल्या तर आत निदान सहा माणसं आहेत, जास्त असतील, कमी नाहीत. हाडांचंही असंच, एकाच बाजूचं एकच हाड किती वेळा आलं ते बघतात.

हाड दगडातून काढणं हे मात्र चिकाटीचं काम. ते दगड झालेलं असलं तरी आत असंख्य चिरा असतात. घाई केली की भुगा. आधी ब्रश आणि अणकुचीदार हत्याराने वरची बाजू मोकळी करायची, चिरांत डिंकासारखं द्रावण मुरवायचं, वर ओला कागद आणि मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लॅस्टरमध्ये बुडवून गुंडाळायच्या, मोडलेल्या हाताला घालतात तसंच. सुकलं की खालून माती कोरत जायचं आणि सगळ्यांनी मिळून पालथं करायचं. प्रत्येक हाडाची दिशा, उंची, शेजारी कोण, याची नोंद आधीच वहीत झालेली असते.

त्या नोंदींमुळेच पुढची गोष्ट कळली. हाडांच्या बरोबरीने तिथे झाडांची मोठाली खोडं आडवी पडलेली होती, तीही दगड झालेली. खोडं आणि जनावरं एकाच ठिकाणी, एकाच गाळात. अभ्यासकांचा कयास असा की मोठा पूर आला, कळपच्या कळप सापडला आणि झाडांसकट गाळात रुतला. सिरोंच्यात हे ऐकणाऱ्याला फार समजवावं लागू नये. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेने तालुका कसा वेढला होता ते तिथल्या माणसांनी पाहिलंय.

या प्राण्याचं नामकरण १९७५ साली झालं, बारापासॉरस टागोरी. मराठी माणूस हे वाचून हमखास चुकतो. 'बारा' म्हणजे बारा नव्हे, पायही चारच. बंगालीत 'बॉडो पा' म्हणजे मोठा पाय. सुरुवातीला निघालेलं मांडीचं हाड इतकं थोराड होतं की तेच नाव चिकटलं. आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून टागोरी. आपल्या मातीतलं जनावर, नाव पक्कं बंगाली. सांगाडा आज कोलकात्यात त्या संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात उभा आहे. लांबी चौदा मीटरच्या आसपास, एसटीची लाल बस त्याच्यापुढे आखूड.

पण नुसतं मोठं असण्यात काय विशेष? विशेष हे की मोठं कसं व्हायचं, ही अडचण त्याच्या शरीरात सुटताना दिसते. त्याचे पूर्वज अंगाने लहान होते आणि बरेचसे मागच्या दोन पायांवर चालायचे. वजन वाढलं की दोन पाय पुरत नाहीत. बारापासॉरसचे चारही पाय देवळाच्या खांबांसारखे सरळ, अंगाखाली उभे. वाकलेल्या गुडघ्यावर टनावारी वजन पेलायचं तर स्नायू थकतात, सरळ हाडावर ते हाडच पेलतं. दुसरी अडचण मानेची. लांब मान हवी, झाडाचा शेंडाही मिळतो आणि जागचं न हलता भोवतालचंही खाता येतं, पण ती जड झाली तर उचलणार कोण? बारापासॉरसच्या मणक्यांना बाजूने उथळ खळगे आहेत आणि वरची कमान आतून कोरलेली. हाड जिथे लागत नाही तिथून काढून टाकलेलं. पुढच्या काळातल्या राक्षसी डायनासोरांत हेच खळगे खोल होत गेले, हवेच्या पिशव्या मणक्यांत शिरल्या, आणि तीस-तीस मीटरची जनावरं शक्य झाली. बारापासॉरसमध्ये त्या युक्तीची सुरुवात आहे.

नदीपलीकडे, तेलंगणात यामनपल्लीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादगिरी यांना त्याच शैलसमूहात दुसरा एक निघाला, कोटासॉरस. ८४० हाडं, किमान बारा प्राणी, लांबी नऊ मीटर, ठेवण थोडी अधिक जुनाट. तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. म्हणजे एकाच खोऱ्यातले दोन भाऊबंद, एक बंगालला गेला, एक हैदराबादला. महाराष्ट्राकडे उरलं काय? वडधमचं जीवाश्म उद्यान, सिरोंच्याजवळ. वन विभागाने राखलेली दगडी खोडं तिथे बघायला मिळतात. कुणी कालेश्वरला दर्शनाला जात असेल तर वाट वाकडी करून जरूर जावं.

चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आणखी एक लांबमान्या डायनासोर सापडलाय, इसिसॉरस. बारापासॉरसशी त्याची गाठ पडली असेल का? शक्यच नाही. तो डायनासोरांच्या अगदी शेवटच्या दिवसांतला. बारापासॉरस आणि त्याच्यात अकरा-बारा कोटी वर्षांचं अंतर आहे, इसिसॉरस आणि आपल्यात सातेक कोटींचंच. काळाच्या हिशेबात तो आपल्याला जास्त जवळचा.

कोट्यातला माझा आवडता जीवाश्म मात्र डायनासोरचा नाही. या खडकाची चिकणमाती पोत्यांनी गोळा करून पाण्यात भिजवतात, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुतात, आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने निवडतात, बायका तांदूळ निवडायच्या तसा. त्यातून दात मिळाले, तांदळाच्या कणीएवढे. दाताच्या माथ्यावर लहान लहान टोकं. सरपटणाऱ्या प्राण्याचा दात बहुधा साधा सुळका असतो, अशी ठरावीक टोकं सस्तन प्राण्याच्या दाढेला. १९८१ मध्ये त्यांतल्या एकाचं नाव ठेवलं कोटाथेरियम हाल्डानी, भारतात येऊन इथलेच झालेले जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्यावरून. चौदा मीटरच्या जनावराच्या पायाखालच्या पाल्यात किडे टिपत फिरणारं उंदराएवढं काहीतरी. आपल्या दूरच्या नात्यातलं.

आणि डोकं? बारापासॉरसचं डोकं अजून मिळालेलं नाही. कोटासॉरसचंही नाही. या घराण्याच्या कवट्या हलक्या, पातळ हाडांच्या, मानेला जेमतेम अडकवलेल्या. धड गाळात रुततं, तोवर डोकं सुटून प्रवाहाबरोबर गेलेलं असतं. पोचमपल्लीला तीनशे हाडांच्या ढिगात सुटे दात तेवढे सापडले, चमच्यासारखे, कडेला जाडसर दातेरी. पाला ओरबाडायचे ते. बाकी तोंड कसं होतं, डोळे कुठे होते, नाकपुड्या किती वर होत्या, ते त्या पुराबरोबर गेलं.